शोधशब्द आणि योग्यानुपलब्धी

१

गेल्या काही वर्षांत मराठी समीक्षालेखनात, विशेषतः विद्यापीठीय प्रबंधांत, एका विशिष्ट प्रकारचे विधान वारंवार भेटू लागले आहे. अमुक संज्ञा या लेखकाच्या समग्र लेखनात कोठेही येत नाही. अमुक कल्पना मराठीत या दशकापूर्वी आढळत नाही. अमुक विषयावर मराठीत लेखनच झालेले नाही. पूर्वीही असे लिहिले जात असे. मात्र तेव्हा असे विधान करणाऱ्याने आयुष्याची वीस-पंचवीस वर्षे त्या संहितांच्या सहवासात घालवलेली असत आणि विधानाचे वजन त्या सहवासातून आलेले असे. आज तेच विधान एका चौकटीत एक शब्द टंकित करून आणि उत्तरादाखल शून्य मिळवून करता येते. विधानाची भाषा तीच राहिली आहे, त्याच्यामागची ज्ञानप्रक्रिया मात्र समूळ बदलली आहे. आणि या बदलाचा उल्लेख प्रबंधाच्या संशोधनपद्धतीच्या प्रकरणात सहसा नसतो.

शब्दाच्या आधाराने संहिता शोधणे ही केवळ ग्रंथालयशास्त्राची वा यंत्राची बाब आहे, असे मानून समीक्षेने तिच्याकडे दुर्लक्ष केले आहे. वस्तुतः ती वाचनाचीच एक क्रिया आहे, आणि तीही बरीच अवघड. सामान्य वाचनात संहिता समोर असते व वाचक तिच्यावरून अर्थाकडे जातो. शोधात अर्थ आधी असतो आणि न पाहिलेल्या संहितेतील शब्दाचा तर्क करावा लागतो. शोधणाऱ्याला परक्या लेखकाचे, कदाचित परक्या काळातले, अद्याप न वाचलेले वाक्य मनात रचून पाहावे लागते. ज्याला ते जमत नाही त्याच्या हाती स्वतःच्याच शब्दसंग्रहाचे प्रतिबिंब येते.

भाट्ट मीमांसकांनी आणि पुढे अद्वैत वेदान्त्यांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले. भूतलावर घट नाही हे ज्ञान घट न दिसण्यातून होते. पण त्यांनी लगेच एक अट घातली. न दिसणे हे अभावाचे प्रमाण केव्हा ठरते, तर ती वस्तू तेथे असती तर दिसलीच असती, अशी योग्यता त्या परिस्थितीत असेल तेव्हाच. अंधारात घट दिसला नाही म्हणून घट नाही असे म्हणता येत नाही. योग्यानुपलब्धी ही संज्ञा या अटीसह सिद्ध झाली आहे. शोधचौकटीत आलेले शून्य ही अनुपलब्धी आहे खरी, परंतु ती योग्य आहे काय, हा प्रश्न आपण विचारतच नाही. प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे.

२

या संदर्भात १९८५ साली डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन यांनी प्रसिद्ध केलेल्या एका परीक्षणाची हकीगत तपशिलाने पाहण्यासारखी आहे. साहित्यसमीक्षेच्या वर्तुळात ती फारशी पोचलेली नाही, पण ती अर्थविचाराचीच हकीगत आहे. अमेरिकेतील एका मोठ्या दाव्यात बचावपक्षाच्या वकिलांसाठी सुमारे ४० हजार दस्तऐवज, म्हणजे जवळजवळ साडेतीन लाख पृष्ठे, संगणकात पूर्ण पाठासह भरण्यात आली होती. त्यांतला कोणताही शब्द देऊन दस्तऐवज मागवता येई. वकिलांची अपेक्षा अशी, की कोणत्याही प्रश्नाशी संबंधित दस्तऐवजांपैकी किमान ७५ टक्के हाती आलेच पाहिजेत; आणि ते तसे येत आहेत अशी त्यांची खात्रीही होती. प्रत्यक्ष मोजणी केली तेव्हा सरासरी २० टक्केच हाती येत होते असे दिसले.

यात दोन गोष्टी विचारणीय आहेत. पहिली ही, की जे दस्तऐवज मिळत होते त्यांपैकी सुमारे ७९ टक्के खरोखरच कामाचे होते. भ्रमाचे मूळ येथे आहे. जे हाती येते ते चांगले असते म्हणून जे आले नाही त्याची शंकाच येत नाही. सापडलेल्या उताऱ्यांच्या समर्पकतेवरून शोधाच्या संपूर्णतेचे अनुमान करणे हा हेत्वाभास आहे, आणि तो करणारे लोक पुरावा तपासण्याचाच व्यवसाय करणारे होते.

दुसरी गोष्ट अधिक मार्मिक आहे. दाव्याच्या केंद्रस्थानी एक अपघात होता. साहजिकच वकिलांनी 'अपघात' या शब्दाने शोध घेतला. परंतु ज्यांना दोष द्यायचा होता तेच त्या घटनेला सरळ अपघात म्हणत होते. ज्यांच्यावर दोष येण्याचा संभव होता ते तिला दुर्दैवी परिस्थिती म्हणत, अडचण म्हणत. काही पत्रांत तर गेल्या पत्रातला विषय किंवा मागच्या आठवड्यात जे झाले ते, एवढाच निर्देश होता. ज्यांनी ती घटना अगदी जवळून पाहिली होती त्यांच्या लेखनात तिचे नाव नव्हते. म्हणजे शब्दाची अनुपस्थिती ही तेथे विषयाच्या अनुपस्थितीची खूण नसून उलट विषयाशी असलेल्या निकट, जोखमीच्या संबंधाची खूण होती. नामनिर्देश टाळणे ही लेखकाची कृती आहे आणि तिला अर्थ आहे, हे समीक्षकाला नव्याने सांगायला नको. यंत्राला ते सांगता येत नव्हते.

आपल्या इतिहासात याहून प्रसिद्ध उदाहरण आहे. १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतच्या पराभवाची वार्ता नानासाहेब पेशव्यांपर्यंत एका सावकारी पत्रातून पोचली असे इतिहासग्रंथांत परंपरेने सांगितले जाते. त्या पत्रात गळालेल्या मोत्यांचा, हरवलेल्या मोहरांचा आणि मोजदाद नसलेल्या रुपये-खुर्द्याचा हिशेब होता. पानिपत नाही, भाऊसाहेब नाही, विश्वासराव नाही, युद्ध हा शब्दसुद्धा नाही. अलंकारशास्त्राच्या परिभाषेत उपमेय पूर्णपणे गिळले गेले आहे. ही साध्यवसाना लक्षणा होय. अशा कागदाची सूची करणाऱ्याने त्यावर 'व्यापारी हिशेब' असा शेरा मारला असता तर त्याला दोष देता आला नसता, आणि 'पानिपत' या शब्दाने शोधणाऱ्याला मराठ्यांच्या इतिहासातली सर्वांत दुःखद बातमी कधीच सापडली नसती.

अभिधेवर उभ्या असलेल्या शोधयंत्राला लक्षणा आणि व्यंजना दिसत नाहीत, हे एवढ्यावरून स्पष्ट होते. 'गंगायां घोषः' हे मम्मटादिकांनी पिढ्यान् पिढ्या चालवलेले उदाहरण शोधाच्या दृष्टीने पुन्हा वाचून पाहावे. गंगेवर गवळीवाडा आहे, या वाक्यात तट हा लक्ष्यार्थ आहे आणि शैत्य-पावनत्व हा व्यंग्यार्थ. 'तट' शोधणाऱ्याला हे वाक्य मिळणार नाही. 'पावित्र्य' शोधणाऱ्याला तर नाहीच नाही. 'गंगा' शोधणाऱ्याला ते मिळेल, पण नदीच्या प्रवाहाविषयीचे म्हणून. तिन्ही शोध शब्दशः बिनचूक आहेत.

सामान्य व्यवहारातल्या भाषेतही ही स्थिती फारशी वेगळी नाही. १९८७ साली फर्नास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की एकाच वस्तूला वा क्रियेला आपापल्या मनाने नाव द्यायला सांगितले असता दोन माणसे तोच शब्द निवडण्याची शक्यता २० टक्क्यांहूनही कमी असते. कोशकारांना हे आधीपासून ठाऊक असावे. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची आवृत्ती चाळताना एका वस्तूसाठी कोकणातला, देशावरचा, ब्राह्मणी, कुणबी असे चार-चार शब्द समोर येतात. त्यांपैकी कोणता तिऱ्हाईत लेखकाने वापरला असेल हे सांगणे म्हणजे त्याचे गाव, जात आणि शतक सांगणे होय.

३

शब्दसूची ही मुळात यंत्रयुगाची निर्मिती नाही. ब्राह्मणग्रंथांत मंत्राचा निर्देश त्याच्या आरंभीच्या एक-दोन शब्दांनी, म्हणजे प्रतीकाने, होतो. श्रोत्याला उरलेला मंत्र मुखोद्गत आहे हे त्यात गृहीत असते. आपल्या अभंगगाथांच्या शेवटी असलेली चरणसूचीही याच परंपरेतली. ज्याला अभंगाचा आरंभ आठवतो त्यालाच ती उपयोगी पडते. मधला एखादा चरण मनात घोळत असेल तर गाथेची हजारो पाने आणि आपण! ही सूची अज्ञाताकडे नेत नाही, आठवणीला पत्ता देते. शौनकाच्या नावावरील अनुक्रमणींत ऋषी, देवता, छंद यांच्या याद्या आहेत, पण प्रत्येक शब्दाची यादी नाही, कारण शब्द हरवण्याची भीती त्या समाजाला नव्हती.

प्रत्येक शब्दाची स्थाने सांगणारी पदसूची युरोपात तेराव्या शतकात बायबलासाठी पॅरिसच्या डोमिनिकन मठात ह्यूग ऑफ सेंट शेर याच्या देखरेखीखाली तयार झाली. आपल्याकडे कर्नल जेकब यांचा उपनिषदे आणि गीता यांचा पदकोश १८९१ मध्ये निघाला, ब्लूमफील्डचा वैदिक चरणकोश १९०६ मध्ये, आणि पुढे विश्वबंधूंचा अवाढव्य वैदिक पदानुक्रमकोश. अशी सूची करणारा एक निर्णय आधीच घेऊन बसलेला असतो: कोणते शब्द वगळायचे. अव्यये, सर्वनामे, सहायक क्रियापदे बहुधा गळतात. त्यांच्याने पाने भरतात आणि कोणी त्यांना शोधत नाही, असे समर्थन असते.

या समर्थनाला सर्वांत मोठा अपवाद एका इटालियन धर्मोपदेशकाने घालून दिला. रोबेर्तो बूसा हे जेझुइट अभ्यासक १९४० च्या दशकात थॉमस अ‍ॅक्वायनसच्या लेखनातील 'उपस्थिती' या संकल्पनेवर प्रबंध लिहीत होते. त्यांनी सूचीतून उपस्थितीवाचक लॅटिन नामे आणि विशेषणे काढली, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की हे शब्द अ‍ॅक्वायनसच्या विचारात अगदी कडेला आहेत. त्याचा उपस्थितीविषयीचा सिद्धान्त 'इन्' या शब्दयोगी अव्ययात राहतो. आत असणे, मध्ये असणे यांच्या रचनांत. तेव्हा बूसांनी त्या इवल्याशा अव्ययाची वाक्ये हाताने उतरवून सुमारे दहा हजार चिठ्ठ्या तयार केल्या. या अनुभवातून पुढे १९४९ मध्ये आयबीएम कंपनीच्या साहाय्याने अ‍ॅक्वायनसच्या प्रत्येक शब्दाची, एकही न वगळता, सूची करण्याचा प्रकल्प उभा राहिला आणि १९७४ ते १९८० या काळात ती ५६ खंडांत छापली गेली. संगणकाचा वाङ्मयाशी आलेला जवळजवळ पहिलाच मोठा संबंध तो हा. त्याच्या मुळाशी वेगाची हाव नव्हती. नामाने जे सापडत नाही ते अव्ययात सापडते, या वाचकाच्या शोधातून तो आला, याचे मला मोठे अप्रूप वाटते.

बूसांचे म्हणणे पचवणे आजच्या शोधतंत्राला कठीण जाते, कारण त्याची उभारणी नेमक्या उलट तत्त्वावर झाली आहे. १९७२ साली केरन स्पार्क जोन्स यांनी मांडलेला विचार थोडक्यात असा: जो शब्द सगळ्याच दस्तऐवजांत येतो तो कोणत्याही एका दस्तऐवजाला ओळखायला निरुपयोगी, जो थोड्यांतच येतो त्याला अधिक वजन द्यावे. शब्दाची शोधशक्ती तो किती दस्तऐवज दाखवतो यात नाही, किती बाजूला सारतो यात आहे. हे वाचताना दिङ्नागाची आठवण होणे अपरिहार्य आहे. शब्द वस्तूचे विधान करीत नाही, तो इतरांची व्यावृत्ती करतो. गो-शब्दाचा अर्थ म्हणजे अ-गोंचा अपोह, असे बौद्ध नैयायिकांनी म्हटले होते. साम्य ताणू नये. दिङ्नागाचा अपोह अर्थाविषयी आहे, स्पार्क जोन्स यांचे गणित वाटणीविषयी. तरीही एक व्यावहारिक धडा दोघांकडून मिळतो. 'समाज', 'जीवन', 'संस्कृती', 'मूल्य' हे शब्द मराठी समीक्षेत इतक्या सढळ हाताने वापरले गेले आहेत, की ते कोणालाच बाजूला सारत नाहीत. या शब्दांनी शोध घेणाऱ्याला सर्व काही मिळते, म्हणजे काहीच मिळत नाही. उलट 'रुमाल', 'बलुते', 'सोवळे', 'सनद' असा एखादा ठोस शब्द चौकटीत घातला की वाट एकदम अरुंद होते. (समीक्षेच्या भाषेविषयी हा एक अनपेक्षित अभिप्रायही मानता येईल.)

४

मराठी संहितांच्या बाबतीत प्रश्न आणखी एका पातळीवर गुंतागुंतीचा होतो. इंग्रजीत शब्द बहुतांशी जसाच्या तसा राहतो. मराठीत त्याचे सामान्यरूप होते आणि विभक्तिप्रत्यय, शब्दयोगी अव्यये त्याला चिकटतात. 'घोडा' शोधणाऱ्याला 'घोड्याने', 'घोड्यावरून' मिळत नाही; 'पाणी' शोधले तर 'पाण्यात' निसटते. बाबा पदमनजींच्या १८५७ मधील कादंबरीच्या नावातला पहिला शब्द, 'यमुनापर्यटन', तिला प्रवासवर्णनांच्या रांगेत उभी करतो. विषय सांगणारा उत्तरार्ध विधवांच्या स्थितीचे निरूपण असा आहे, पण तेथे 'विधवा' हा शब्द 'विधवांच्या' या रूपात आहे. अक्षरशः तुलना करणाऱ्या यंत्राला हे दोन वेगळे शब्द वाटतात. शोधणाऱ्याने शब्दाचे शेपूट कापून 'विधव' एवढ्यावर थांबावे, हा साधा उपाय आहे; मात्र तो करण्यासाठी आपल्या भाषेचे व्याकरण हाताशी लागते.

त्यावर शुद्धलेखनाचा इतिहास. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे नियम शासनमान्य झाले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. तत्सम शब्दांचा अंत्य इकार-उकार दीर्घ झाला. हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीचे नाव 'पण लक्षांत कोण घेतो'. आजचा विद्यार्थी 'लक्षात' असे टंकतो. 'कवी' शोधणाऱ्याला जुन्या पुस्तकातला 'कवि' सापडत नाही आणि नव्या पुस्तकातले 'कविमन'ही नाही, कारण समासात तो ऱ्हस्वच राहतो. केशवसुतपूर्व पद्य आणि चिपळूणकरपूर्व गद्य यांतले उतारे मूळाबरहुकूम छापावेत, नंतरचे लेखन नव्या नियमांनी छापावे, अशीही तरतूद आहे. म्हणजे एकाच कादंबरीच्या दोन आवृत्त्या दोन लेखनपद्धतींत असणे हे नियमानुसारच आहे.

यंत्राच्या पोटात गेल्यावर आणखी एक थर चढतो. युनिकोड १९९१ मध्ये आले तरी मराठी छपाईत ते रुळायला बराच काळ जावा लागला. तोपर्यंतचा मजकूर निरनिराळ्या खाजगी टंकांत बांधलेला आहे, आणि तेथे अक्षराचा आकार जपला आहे पण अक्षराची ओळख नाही. युनिकोडातही 'दऱ्या' मधला अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला ते वेगळे असतात. स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांतून अक्षर ओळखणाऱ्या प्रणालीने काढलेला पाठ तर अनुस्वार आणि रफार यांच्याबाबत हमखास अडखळतो. मोडी कागदांविषयी बोलायलाच नको.

हे सर्व केवळ तांत्रिक दोष आहेत, कालांतराने दुरुस्त होतील, असे कोणी म्हणेल. त्यांतले पुष्कळसे होतीलही. पण एक उदाहरण पाहावे. बूसांचा प्रश्न ज्ञानेश्वरीला विचारायचा झाला तर काय होईल? ज्ञानदेवांच्या भाषेत अधिकरणाचा अर्थ पुष्कळदा स्वतंत्र शब्दाने व्यक्त होत नाही. 'ठायीं', 'घरीं', 'हृदयीं' अशा रूपांत तो अन्त्य ईकारावरच्या अनुस्वारात राहतो; 'तेणें', 'येणें' यांतला करणार्थ एकारावरच्या अनुस्वारात. अद्वैताच्या मांडणीत आत असणे, ठिकाणी असणे याला काय स्थान आहे, हा प्रश्न वरवरचा नाही. परंतु ज्ञानेश्वरीच्या ज्या सुलभ प्रती यंत्रावर फिरतात त्यांतल्या काहींत हे अनुस्वार आधुनिक सवयीने गाळलेले असतात. जेथे ते राखलेले असतात तेथेही शोधसुलभतेसाठी यंत्राला अनुस्वाराकडे दुर्लक्ष करायला शिकवले जाते, म्हणजे 'लक्षांत' आणि 'लक्षात' एक होतात. आपट्यांच्या वाचकाची सोय झाली. ज्ञानदेवांच्या अभ्यासकाची विभक्ती पुसली गेली. एकाच दुरुस्तीने एका शोधाची योग्यता वाढते आणि दुसऱ्याची नाहीशी होते. राजवाड्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी छापताना जुन्या रूपांसाठी धरलेला आग्रह अनेकांना हट्ट वाटला. या प्रश्नाच्या संदर्भात त्याचे मोल वेगळे दिसते.

५

आतापर्यंत रूपाचा विचार झाला. नावाचा प्रश्न याहून गंभीर आहे, कारण त्यात सत्ता आहे.

एखादा विद्यार्थी दलितांच्या आत्माविष्काराचा इतिहास शोधू लागला आणि त्याने 'दलित' हा शब्द घेतला, तर १९५८ च्या मुंबईतील दलित साहित्य संमेलनापासून पुढे, आणि १९७२ च्या दलित पँथरनंतर तर ओघाने, त्याला सामग्री मिळेल. मागे जावे तसा प्रवाह झपाट्याने आटतो. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला, की त्यापूर्वी या वर्गाने फारसे लिहिलेच नाही, तर त्याच्या सूचीत त्याला खोटे ठरवणारे काही नसेल. पण ज्योतीराव फुले शूद्रातिशूद्र म्हणतात. गोपाळबाबा वलंगकर 'अनार्य' ही संज्ञा उचलतात. शिवराम जानबा कांबळे यांच्या पत्राचे नाव 'सोमवंशीय मित्र'. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये काढलेल्या मिशनच्या मराठी नावात 'निराश्रित' हा शब्द आहे, जो आज ऐकला तर फाळणीची किंवा धरणाची आठवण व्हावी. आंबेडकरांच्या १९२७ च्या पत्राच्या नावात 'बहिष्कृत' आहे. गांधीयुगात 'हरिजन' येतो. सरकारी कागदांत वेगळेच शब्द. यांतला एकेक शब्द ही एकेक भूमिका आहे, आणि त्यांना समानार्थी म्हणून एका दोरीत ओवणे हा समीक्षेचा अपराध ठरेल. पण शोधताना त्यांना ओवल्याशिवाय इलाज नाही.

मुक्ता साळवे या ज्योतीरावांच्या शाळेतील मुलीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त छापला गेला. त्याच्या शीर्षकात जातींची नावे आहेत आणि 'दुःख' आहे. त्या निबंधापर्यंत शब्दाने पोचायचे तर जी नावे आज आपण उच्चारताना थबकतो तीच चौकटीत टंकावी लागतात. शोधणाऱ्याला येथे एक नैतिक अवघडलेपण येते आणि ते यावे हे योग्यच आहे. मात्र त्या अवघडलेपणापायी आजचा सभ्य शब्द वापरून थांबणे म्हणजे त्या मुलीचे लिहिणे दुसऱ्यांदा नाकारणे होय. ताराबाई शिंद्यांच्या 'स्त्रीपुरुषतुलने'बाबत हेच. १८८२ च्या त्या पुस्तकात 'स्त्रीवाद' हा शब्द असण्याचे कारण नाही. १९७५ मध्ये स. गं. माळशे यांनी ते पुन्हा प्रकाशित करेपर्यंत ते बहुतेकांच्या दृष्टीआड राहिले. ते उजेडात आणणारा हात शोधशब्दाचा नव्हता. जुने ग्रंथ स्वतः हाताळणाऱ्या संशोधकाचा होता. शं. ग. दाते यांची १८०० ते १९३७ या काळाची 'मराठी ग्रंथसूची' विषयवार लावलेली आहे, आणि विषयवार सूचीचे एक बलस्थान हे, की शेजारी काय आहे ते न मागता दिसते. एस. आर. रंगनाथन यांनी कल्पनेची पातळी, शब्दाची पातळी आणि चिन्हांकनाची पातळी वेगळ्या मानल्या, त्यामागेही हीच जाणीव आहे. शब्द बदलले तरी कल्पनेची जागा शेल्फावर राहावी.

मग शब्दाने शोधणाऱ्याने करावे काय? अनुभवी शोधक एक गोष्ट नकळत करीत असतात. ते पहिल्या शब्दाने उत्तर शोधत नाहीत, पुढचा शब्द शोधतात. 'अस्पृश्य' या शब्दाने मिळालेला १९२० च्या दशकातला एखादा लेख वाचला, की त्यात 'बहिष्कृत' भेटतो. त्यावरून घेतलेल्या शोधात 'निराश्रित', त्यातून 'सोमवंशीय'. प्रत्येक सापडलेली संहिता पुढच्या संहितेची नावे पुरवते. स्वतः ब्लेअर-मॅरन यांना आपल्या परीक्षणात एका यंत्रणेचा माग काढताना हेच करावे लागले. नव्या दस्तऐवजांत त्या यंत्रणेला नवे नाव निघे आणि तास-तास गेले तरी नावांची साखळी संपेना. शोध केव्हा थांबवायचा याचा यांत्रिक निकष नाही. नवीन संहिता मिळत आहेत पण नवीन नावे मिळेनाशी झाली, एवढाच अंदाज बांधता येतो. आणि त्या अंदाजाला आधार वाचनाचाच असतो.

६

गेल्या दशकात शोधतंत्राने दिशा बदलली आहे. फर्थ या ब्रिटिश भाषावैज्ञानिकाने १९५७ मध्ये म्हटले होते, की शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून पटते. या विचाराला १९९० च्या सुमारास गणिती रूप मिळाले आणि आता त्याचे प्रचंड विस्तारलेले अवतार प्रचारात आहेत. शब्द जुळवण्याऐवजी शब्दांचा शेजार जुळवला जातो. 'अपघात' विचारला तर 'दुर्दैवी परिस्थिती'ही येऊ शकते. 'दलित' विचारला तर 'बहिष्कृत'. वर सांगितलेल्या पुष्कळशा अडचणींवर हा उतारा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पानिपतच्या पत्रातले मोती त्याला ओळखू येतील की नाही याविषयी मी साशंक आहे, पण सामान्य पर्यायोक्तीपर्यंत तो पोचतो हे खरे.

परंतु त्याची किंमत मोजावी लागते, आणि ती आपल्या मूळ प्रश्नाशी थेट निगडित आहे. निकटतेने शोधणारे यंत्र मूलतः 'नाही' म्हणत नाही. सर्वांत जवळचे काहीतरी नेहमीच असते. अक्षरशः शोधणाऱ्या जुन्या यंत्राचे शून्य फसवे होते, तरी ते शून्य होते. कोणता शब्द दिला आणि कोणत्या संहितांत दिला हे सांगता येत होते आणि दुसऱ्याला ते ताडून पाहता येत होते. नव्या शोधात दस्तऐवज समोर का आला याचे कारण शोधणाऱ्याला दिसत नाही, आणि का आला नाही याचे तर मुळीच नाही. अनुपलब्धीच नाहीशी झाल्यावर तिच्या योग्यतेचा विचार कोठून करणार? शिवाय शेजार जुळवणाऱ्या यंत्राने आपला शेजार प्रामुख्याने आजच्या, आणि मराठीच्या बाबतीत तर बऱ्याच अंशी वृत्तपत्रीय, मजकुरावरून शिकलेला असतो. 'निराश्रित' या शब्दाचा १९०६ चा शेजार त्याला ठाऊक असेलच असे नाही. 'बहिष्कृत' आणि 'हरिजन' यांना तो जवळ आणतो, पण ते शब्द परस्परांच्या विरोधात वापरले गेले होते हे जवळीक सांगत नाही. ज्या भेदावर एका चळवळीचा इतिहास उभा आहे तो भेद निकटतेच्या मापात विरून जातो.

म्हणून निदान प्रबंधांपुरती एक अपेक्षा बाळगायला हरकत नसावी. 'आढळत नाही' असे लिहिणाऱ्याने कोणत्या संहिता पाहिल्या, त्या कोणत्या आवृत्तीच्या आणि कोणत्या लेखनपद्धतीतल्या, कोणते शब्द त्यांच्या कोणत्या रूपांसह शोधले, आणि ते शब्द त्याला कोठून मिळाले हे नोंदवावे. हस्तलिखितांवर काम करणारा संपादक पाठभेद देतो, त्यात काही विशेष मानत नाही. शोधशब्दांची यादी ही त्याच जातीची नोंद आहे. तिच्यातून परीक्षकाला शोधाची योग्यता जोखता येईल, आणि पुढच्या अभ्यासकाला न वापरलेला शब्द दिसेल.

ज्ञानेश्वरीतल्या अधिकरणाचा प्रश्न मात्र अशा यादीनेही सुटणार नाही. त्यासाठी अनुस्वार राखलेली, प्रत्येक रूपाची विभक्ती ओळखून खूण केलेली संहिता लागेल. नऊ हजार ओव्या आहेत. 'ठायीं'पासून सुरुवात करून, बूसांप्रमाणे, एकेका ओवीची चिठ्ठी करावी लागेल, आणि 'हृदयीं' मधला अनुस्वार अधिकरणाचा की लेखनाच्या सवयीचा, हे प्रत्येक वेळी ओवी वाचूनच ठरवावे लागेल.